मुंबईची चित्रित मृत्पात्रे : ओळख व संग्रह

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या संस्थेत व तिच्या प्रभावाखाली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी घडविलेली, हाताने रंगविलेली झिलईदार मातीची भांडी. तबके, ताटल्या, फुलदाण्या, सुरया, झाकणाची भांडी आणि भिंतीत बसवावयाच्या फरश्या हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. संग्राहकांमध्ये ती ‘बॉम्बे पॉटरी’ या नावाने परिचित आहेत. सिंधमधील कुंभारांचे परंपरागत तंत्र, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील आकृतिबंध आणि यूरोपीय कलाशिक्षणाची पद्धत यांचा संगम त्यांत झाला आहे. या भांड्यांच्या तळावर संस्थेचे वा कारखान्याचे नाव पुष्कळदा आढळते. रंगविणाऱ्याचे नाव मात्र बहुधा नसते. त्यामुळे भांड्याची माती, झिलई व कुंचल्याची रेघ वाचून काढलेली ओळख आणि भांडे कोणत्या घरातून, कोणाकडून आले याची जपून ठेवलेली नोंद, या दोन साधनांवरच त्यांचा इतिहास मुख्यतः उभा आहे. यांपैकी पहिले साधन भांड्याबरोबर टिकते. दुसरे मात्र भांडे एका हातातून दुसऱ्या हातात जाताच नष्ट होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८५३ मध्ये देऊ केलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ही कलाशाळा उभी राहिली व १८५७ मध्ये तिचे वर्ग सुरू झाले. जॉर्ज विल्किन्स टेरी हे तिच्या आरंभीच्या काळातील चित्रकला-शिक्षक व पुढे अधीक्षक. १८६५ मध्ये तेथे तीन स्वतंत्र कार्यशाळा स्थापन करण्यात येऊन अलंकरणात्मक चित्रणासाठी जॉन ग्रिफिथ्स, वास्तुशिल्पासाठी जॉन लॉकवुड किपलिंग व घडीव लोखंडकामासाठी मायकेल हिगिन्स यांच्या नेमणुका झाल्या. किपलिंग यांनी तरुणपणी इंग्लंडमधील स्टॅफर्डशर या मृत्पात्रीच्या प्रसिद्ध प्रदेशात बर्स्लेम येथे काम केले होते. मातीचे काम त्यांना परके नव्हते. १८७५ मध्ये ते लाहोरच्या कलाशाळेत गेले.

१८७० नंतरच्या दशकात टेरी यांनी झिलईदार मृत्पात्रीचे काम हाती घेतले. त्यासाठी त्यांनी सिंध प्रांतातील कसबी कुंभार मुंबईस आणले. सिंधमधील हाला हे गाव फरश्या व निळ्या-हिरव्या झिलईच्या भांड्यांसाठी फार पूर्वीपासून विख्यात होते आणि सिंध त्या वेळी मुंबई इलाख्याचाच भाग होता. जॉर्ज बर्डवुड यांनी भारतातील औद्योगिक कलांवरील आपल्या १८८० च्या ग्रंथात सिंधी कुंभारांच्या तंत्राचे तपशीलवार वर्णन केले असून मुंबईत टेरी यांनी चालविलेल्या प्रयत्नाचीही दखल घेतली आहे. टेरी यांच्या देखरेखीखालील कारखाना ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ या नावाने ओळखला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोठ्या औद्योगिक प्रदर्शनांमुळे अशा वस्तूंना यूरोपीय ग्राहक मिळाला.

याच सुमारास ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली कलाशाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती तयार करीत होते. हे काम १८७२ ते १८८५ या काळात झाले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले चित्रकार या कामात होते. लंडनला पाठविलेल्या या प्रतिकृतींपैकी पुष्कळ प्रतिकृती १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. लेण्यांच्या छतावरील कमळवेली, हंसांच्या माळा, फळांचे घोस, बुटक्या यक्षाकृती व नक्षीचे पट्टे हे सर्व या अभ्यासातून कलाशाळेच्या भांड्यांवर उतरले. ज्या रेखांकनाचे मूळ कागद व पट जळून गेले, त्या अभ्यासाचा एक ठसा अशा रीतीने भाजलेल्या मातीवर शिल्लक राहिला, हे या भांड्यांचे ऐतिहासिक महत्त्व होय.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी सेसिल बर्न्स हे कलाशाळेचे प्राचार्य असताना मृत्पात्रीस पुन्हा चालना मिळाली. १९०७ ते १९१३ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर जॉर्ज क्लार्क यांच्या नावाने कलाशाळेशी संलग्न अशी प्रयोगशाळा व कार्यशाळा स्थापन होऊन तेथे माती, रंग व झिलई यांवर प्रयोग करण्यात आले. बर्न्स हे भायखळा येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियमचेही अभिरक्षक होते. १८७२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयास १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. कलाशाळेची मृत्पात्रे तेथे आजही पाहावयास मिळतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममध्येही मुंबईच्या कलाशाळेतील भांडी जतन केलेली आहेत.

द्रव्य व तंत्र : ही भांडी साध्या मातीची, म्हणजे सच्छिद्र पिंडाची असतात, त्यांना ‘चिनी माती’ म्हणणे शास्त्रदृष्ट्या बरोबर नाही. साधी माती साधारणतः ९०० ते १,१०० अंश सेल्सिअस तापमानात भाजली जाते व भाजल्यावरही पाणी शोषते. लोणच्याच्या बरण्या ज्या दगडी प्रकारात मोडतात, तो प्रकार १,२०० अंशांच्या आसपास वा त्याहून अधिक तापमानात भाजतात. त्याचा पिंड घट्ट व अशोषक होतो. खऱ्या चिनी मातीचा पिंड केओलिनयुक्त, पांढरा व पातळ असेल तेथे अर्धपारदर्शक असतो. मुंबईच्या भांड्याचा पिंड बहुधा तांबूस असतो. तो झाकण्यासाठी त्यावर पांढऱ्या मातीच्या पातळ काल्याचा हात देत. या थरास अस्तर म्हणतात. अस्तरावर रंगकाम व त्यावर पारदर्शक झिलई असा क्रम असतो.

सिंधी कारागीर झिलईसाठी दोन द्रव्ये वापरीत : सज्जीखार व वाळू यांपासून केलेली ‘कांच’ आणि शिशाच्या ऑक्साइडांचा ‘सिक्का’. रंगाच्या परीक्षेत हा भेद महत्त्वाचा ठरतो. तांब्याचे ऑक्साइड क्षारीय झिलईत फिरोजी निळे दिसते, तर शिशाच्या झिलईत तेच गवती हिरवे होते. कोबाल्टपासून गडद निळा, मँगॅनिजपासून जांभळट तपकिरी व लोहापासून पिवळा ते तपकिरी रंग मिळतो. सिंधी पद्धतीचा आणखी एक विशेष म्हणजे एकाच रंगाच्या दोन छटांची नक्षी. भांड्यावर पांढऱ्या काल्याने फुले व पाने काढून संपूर्ण भांड्यावर हिरवी, पिवळी वा तपकिरी पारदर्शक झिलई चढविली, की अस्तराच्या जागी झिलई उजळ व उरलेल्या जागी गडद दिसते. आकृती सारख्या अंतरावर पडाव्यात यासाठी कागदावर नक्षी काढून तिच्या रेषांवर सुईने छिद्रे पाडीत व तो कागद भांड्यावर धरून वरून भुकटी झटकीत. घरापुढे रांगोळी काढण्यासाठी सच्छिद्र पत्र्याचे छाप वापरतात, त्यासारखीच ही युक्ती आहे. ठिपक्यांच्या आधारे कारागीर कुंचला फिरवी. म्हणून मांडणी नेमकी असली, तरी प्रत्येक रेषा मात्र हाताचीच असते.

अमेरिकेतील समांतर परंपरा : हाताने रंगविलेल्या भांड्यांचा पद्धतशीर संग्रह करण्याची प्रथा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विशेष रुजली आहे. तेथील दोन उदाहरणांशी तुलना केली असता मुंबईच्या भांड्यांपुढील प्रश्न स्पष्ट होतो. मारिया लाँगवर्थ निकल्स यांनी १८८० मध्ये ओहायओ राज्यातील सिनसिनाटी येथे रुकवुड हा कारखाना स्थापन केला. तो टेरी यांच्या उपक्रमाचा समकालीन होय. रुकवुडने १८८६ मध्ये आद्याक्षरांची एक जोडमुद्रा स्वीकारली व पुढील प्रत्येक वर्षी तीभोवती एकेक ज्योत वाढविली. १९०० मध्ये ज्योतींची संख्या चौदा झाली आणि १९०१ पासून खाली रोमन अंकांत वर्ष येऊ लागले. याखेरीज भांडे रंगविणारा चित्रकार आपली खूण तळावर कोरी. कातारो शिरायामादानी हे १८८७ मध्ये तेथे रुजू झालेले जपानी चित्रकार त्यांच्या स्वाक्षरीमुळे आज भांड्यागणिक ओळखता येतात.

दुसरे उदाहरण रोजच्या वापरातील ताटल्यांचे आहे. टेनेसी राज्यातील एर्विन येथील सदर्न पॉटरीज या कारखान्याची ‘ब्लू रिज’ नावाची भांडी १९३८ च्या सुमारापासून मुक्तहस्ताने रंगविली जाऊ लागली. डोंगराळ भागातील स्त्रिया तेथे रांगेने बसून काम करीत. एकीने पाने, दुसरीने पाकळ्या, तिसरीने देठ काढावेत, असा क्रम असे. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन ताटल्या कधीही तंतोतंत सारख्या नसतात. १९५७ मध्ये कारखाना बंद पडला. तेथील बहुसंख्य ताटल्यांवरही रंगविणारीचे नाव नाही. परंतु नमुन्यांची नावे, शिक्क्यांचे प्रकार व त्यांचा काळ यांच्या याद्या संग्राहकांनी परिश्रमपूर्वक तयार केल्यामुळे अमेरिकेतील वाचकास स्वयंपाकघरातील ताटली उलटी करून तिचा काळ बराचसा ठरविता येतो. मुंबईच्या भांड्यांसाठी रुकवुडसारखी वर्षदर्शक मुद्रा उपलब्ध नाही. म्हणून येथे परीक्षकाला शिक्क्यापलीकडील पुराव्यांवर अधिक विसंबावे लागते.

ओळखण्याची पद्धत : परीक्षेस तळापासून आरंभ करावा. झिलई न पोहोचलेली तळाची कड ही भांड्याच्या पिंडाची खरी साक्ष होय. ती तांबूस व किंचित खरखरीत असेल, ओलसर बोट लावताच पाणी शोषून घेत असेल, तर पिंड साध्या मातीचा समजावा. टिचकी मारल्यास अशा भांड्याचा आवाज बद्द येतो. चिनी मातीचा आवाज खणखणीत असतो. मात्र चिरलेल्या चिनी मातीचाही आवाज बद्द येत असल्यामुळे या एकाच कसोटीवर भिस्त ठेवू नये. चाकावर घडविलेल्या भांड्याच्या आतील बाजूस बोटांनी उमटलेली चक्राकार वळणे जाणवतात. साच्यातील भांड्यावर जोडाची बारीक रेघ असते.

तळावरील अक्षरे कोणत्या अवस्थेत उमटविली, हे पाहणे आवश्यक असते. ओल्या मातीत कोरलेल्या अक्षराच्या कडेला माती किंचित उचललेली दिसते व खाचेत झिलई उतरलेली असू शकते. भाजल्यानंतर खरवडलेल्या अक्षराच्या कडा ठिसूळ व तुटक असतात आणि खाच स्वच्छ, कोरडी राहते. असे अक्षर मागाहून घातलेले असण्याचा संभव मोठा. मुंबईच्या भांड्यांवर कलाशाळेचे इंग्रजी नाव, त्याची आद्याक्षरे किंवा ‘वंडरलँड आर्ट पॉटरी, बॉम्बे’ ही अक्षरे कोरलेली अथवा रंगाने लिहिलेली आढळतात. शिक्का नाही एवढ्यावरून भांडे त्याज्य ठरत नाही, तसेच शिक्का आहे एवढ्यावरून ते अस्सलही ठरत नाही.

त्यानंतर कुंचल्याच्या रेघेचे निरीक्षण करावे. दहापट मोठे दाखविणारे भिंग त्यासाठी पुरते. हाताच्या रेघेत कुंचला टेकतो तेथे रंग दाट असतो, ओढीबरोबर तो विरळ होत जातो व टोकाशी रेघ निमुळती होते. दोन फटकारे एकमेकांवर आले, तर तेथील छटा गडद होते. नक्षीचा एक घटक घेऊन त्याची भांड्यावरील सर्व आवर्तने ताडून पाहिली, तर त्यांतील लहान फरक लगेच ध्यानात येतात. छापील कागदावरून उतरविलेल्या नक्षीत हे फरक नसतात. उलट भिंगाखाली सारख्या आकाराचे ठिपके किंवा ताम्रपटाच्या बारीक समांतर रेषा दिसतात आणि कागदाच्या दोन कडा जुळतात तेथे नक्षी तुटलेली असते. काही आयात भांड्यांवर बाह्यरेषा छापून आत हाताने रंग भरलेला असतो. अशा भांड्यांचे वर्णन ‘अंशतः हस्तचित्रित’ असेच करावे.

रंग झिलईखाली आहे की झिलईवर, हे भांडे उजेडात तिरपे धरून कळते. झिलईखालील रंगावरून प्रकाशाची चकाकी अखंड सरकते. झिलईवरील रंगाच्या जागी ती मोडते व बोटाला किंचित उंचवटा लागतो. जुन्या झिलईत केसासारख्या चिरांचे जाळे आढळते, कारण थंड होताना पिंड व झिलई यांचे आकुंचन सारखे होत नाही. या चिरांत वर्षानुवर्षांचा मळ व तेलकटपणा मुरून त्यांचा रंग असमान होतो. चहाच्या वा अन्य रंगीत पाण्यात बुडवून कृत्रिम रीत्या जुन्या दाखविलेल्या भांड्यात तो रंग सर्वत्र सारखा पसरलेला असतो. तळाची झीजही अशीच तपासावी : खरी झीज टेकणाऱ्या कडेवरच असते, काचकागदाने केलेली झीज खोलगट भागातही दिसते.

सदृश भांडी : मुंबईच्या भांड्यांशी इतर काही भांड्यांची गल्लत होते. जयपूरच्या निळ्या मृत्पात्रांचा पिंड चिकणमातीचा नसून मुख्यतः गारेची पूड, काचेची पूड व चिकट द्रव्य यांचा असतो. त्यामुळे त्यांची उघडी कड पांढुरकी दिसते, तांबूस दिसत नाही. सिंध व मुलतानच्या मूळ भांड्यांत भौमितिक व पानाफुलांची नक्षी असते. अजिंठ्याच्या धर्तीच्या मानवाकृती व हंसमाला असल्यास मुंबईचा विचार प्रथम करावा. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथील पेत्रुस रेगू यांच्या कारखान्याचे वाडगे व ताटल्याही आशियाच्या बाजारांत येत. त्यांवरील स्फिंक्सची मुद्रा व स्पंजाच्या तुकड्याने उमटविलेली फुले त्यांना वेगळे पाडतात. यूरोपीय भांड्यांवरील देशाचे नाव हेही कालनिर्णयाचे साधन होय. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानुसार आयात मालावर उत्पादक देशाचे नाव आवश्यक झाले व त्याची अंमलबजावणी १८९१ पासून झाली. यामुळे असे नाव असलेली ताटली बहुधा त्यानंतरची असते. नाव नसल्याने मात्र ती त्यापूर्वीची ठरत नाही.

डागडुजी : जुनी भांडी पुष्कळदा जोडलेली वा रंगवून सारखी केलेली असतात. डागडुजी हा दोष नव्हे. ती लपविणे हा दोष होय. अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली अनेक आधुनिक डिंक व रंग मूळ झिलईहून वेगळे चमकतात. दिवा नसल्यास भांड्याची कड ओठाला किंवा गालाला लावून पाहावी : झिलई थंड व काचेसारखी लागते, राळेचा लेप कोमट व मऊ लागतो. तडा गेलेले भांडे पितळी तारेच्या टाचण्यांनी सांधलेले असल्यास त्या काढू नयेत. भांडे कोणाला इतके मोलाचे वाटले, याची ती नोंदच असते.

संग्रह व नोंद : मुंबईबाहेर अशी भांडी मुख्यतः जुन्या घरांतून आढळण्याचा संभव असतो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचली व १८७७ मध्ये तेथे पहिली कापडगिरणी निघाली. मुंबईशी असा नित्य संबंध जुळलेल्या गावांतील व्यापारी, वकील व गिरणीशी संबंधित कुटुंबांच्या दिवाणखान्यांत मुंबईच्या बाजारातील शोभेच्या वस्तू येणे स्वाभाविक होते. वाडे पाडून त्यांच्या जागी सदनिका उभ्या राहताना फडताळे व माळे रिकामे केले जातात आणि त्यांतील भांडी जुन्या सामानाच्या ढिगात जातात. तेथून ती मुंबईच्या दुकानी पोहोचली, की त्यांचे वर्णन ‘जुनी फुलदाणी’ एवढेच उरते. ती कोणी विकत घेतली होती, कोणाच्या लग्नात आली, घरातील कोणी कलाशाळेत शिकत होते काय, हे प्रश्न ज्यांना विचारावयाचे ती माणसे त्या वेळी जवळ नसतात.

या दृष्टीने महाराष्ट्रातील दोन संग्रह उद्‌बोधक आहेत. सोलापूरच्या शेजारील धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर हे गाव प्राचीन तगर नगर होय. तेथील रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीत सापडणाऱ्या सातवाहनकालीन मृण्मूर्ती, मणी, खापरे व अन्य वस्तू आयुष्यभर जमविल्या. त्यांतून तेर येथेच त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. या संग्रहाचे सामर्थ्य असे, की वस्तू ज्या गावच्या, त्याच गावी आहेत. त्यांचे स्थान त्यांच्यापासून तुटले नाही. दुसरा संग्रह पुण्याचा. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, पेट्या, भांडी अशा नित्य वापराच्या वस्तू गावोगाव हिंडून मिळविल्या व अकाली निवर्तलेल्या पुत्राच्या स्मरणार्थ ‘राजा’ हे नाव दिलेला हा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. कलावस्तू आणि घरगुती वस्तू असा भेद न मानता दोहोंकडे सारख्याच आदराने पाहण्याची दृष्टी या संग्रहाने दिली.

खाजगी संग्राहकाने प्रत्येक भांड्यासाठी एक टिपणपत्र ठेवावे. त्यात क्रमांक, उंची व व्यास, वजन, पिंडाचा व झिलईचा रंग, तळावरील अक्षरांची हुबेहूब नक्कल, डागडुजी, मिळाल्याची तारीख, गाव आणि आधीच्या मालकाने सांगितलेली माहिती त्याच्याच शब्दांत लिहावी. ऐकीव माहिती व स्वतःचा तर्क यांची सरमिसळ करू नये. दोन्ही वेगळ्या रकान्यांत असावीत. तळ, दर्शनी बाजू व नक्षीचा एक निकटचा भाग अशी किमान तीन छायाचित्रे जोडावीत. क्रमांक भांड्यावर लिहिताना प्रथम तळावर काढता येण्याजोग्या रोगणाचा ठिपका देऊन त्यावर शाईने लिहावा. चिकटपट्टी लावू नये, ती काढताना झिलई व रंग यांचे पापुद्रे निघतात. अशी टिपणे अनेक संग्रहांतून जमली, तर निनावी कारागिरांपैकी एकाच हाताची भांडी एकत्र ताडून पाहता येतील. एखादा चित्रकार कमळाची पाकळी कोणत्या बाजूने ओढतो, हंसाचा डोळा ठिपक्याने काढतो की वळशाने, अशा सवयी स्वाक्षरीइतक्याच बोलक्या असतात.

वापर व जतन : शिशाची झिलई असलेली जुनी भांडी खाण्यापिण्यासाठी कदापि वापरू नयेत. लोणचे, चिंचेचा कोळ, आमसुलाचे सार, ताक यांसारख्या आंबट पदार्थांत शिसे विरघळून पोटात जाते. ते शरीरात साठत राहते व मुलांच्या मेंदूच्या वाढीस विशेष घातक असते. भांडे सुंदर आहे व पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते, ही सुरक्षिततेची हमी नव्हे. शंका असल्यास ते केवळ शोभेसाठी ठेवावे.

सच्छिद्र पिंडाचे भांडे पाण्यात बुडवून ठेवू नये. विहिरीच्या व कूपनलिकांच्या जड पाण्यातील क्षार उघड्या तळातून व झिलईच्या चिरांतून आत शिरतात. भांडे वाळताना ते स्फटिकरूप होऊन फुगतात व झिलईचे कपचे उडवितात. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झाडावी व आवश्यक तेथेच शुद्ध पाण्यात भिजवून पिळलेला कापसाचा बोळा फिरवावा. चिंच, लिंबू, राख व धुण्याचा सोडा ही पितळेस चालणारी द्रव्ये या झिलईस अपायकारक आहेत. ताटल्या एकमेकींवर रचताना मधे मऊ कापड घालावे आणि भांडे उचलताना कान अथवा काठ न धरता दोन्ही हातांनी तळ धरावा.

विधिविषयक तरतूद : पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. ऐतिहासिक महत्त्वाची वा कारागिरीचा नमुना असलेली व किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली वस्तू त्यानुसार पुरावशेष ठरते. टेरी यांच्या काळातील भांडी व बर्न्स यांच्या काळातील आरंभीची भांडी या मर्यादेत येतात. खाजगी व्यक्तीस पुरावशेष परदेशी पाठविता येत नाही आणि त्यांचा व्यापार करणाऱ्यास परवाना आवश्यक असतो. परदेशी असलेल्या नातलगाकडे घरातील जुनी फुलदाणी धाडण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा निर्वाळा घेणे इष्ट असते.

मुंबईच्या चित्रित मृत्पात्रांची संख्या मर्यादित आहे व ती वाढणार नाही. त्यांविषयीची माहिती मात्र अजून वाढू शकते. ती संग्रहालयांच्या कपाटांइतकीच ज्या घरांत ही भांडी पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तेथील वृद्धांच्या आठवणींत आहे. भांडे फुटल्यास ते सांधता येते. त्याच्याविषयी ठाऊक असलेले माणूस गेल्यावर ती माहिती परत मिळत नाही. म्हणून संग्राहकाने भांडे हाती घेण्याआधी वही उघडणे, हा या छंदाचा पहिला नियम होय.